कुयरी एक, चोर पाच

पोरं सांभाळणाऱ्या बाईला किस्से शोधायला लांब जावं लागत नाही. केर काढला तरी दोन-चार निघतात! घोडपदेवला आमच्या चाळीत, माझ्या खोलीवर शाळा सुटली की पोरं येतात. आया कामावरून येईपर्यंत राहतात. शाळा माझी चौथीपर्यंत, पण आवाज असा की खालच्या मजल्यावरची पोरंही अभ्यासाला बसतात. तर हे सगळे किस्से माझ्या आयेची कुयरी गेली तेव्हाचे.

कुयरी म्हणजे कुंकवाची पितळी डबी. आंब्याच्या आकाराची, झाकणावर मोर. आये गेली तेव्हा भावांनी गावचं घर घेतलं, मी एवढीच मागून घेतली. रोज दिवा लावताना उघडते. पोरांनी एकदा विचारलं, "काकी, आत काय बघता?" मी म्हटलं, "ही उघडली ना, की मला माझी आये दिसते." आपलं बोलायचं म्हणून बोलले.

आणि एका दुपारी देव्हाऱ्यात बघते तर कुयरी नाही!

\*

पहिल्यांदा वाटलं, एकेकाच्या कानाखाली आवाज काढावा. पण म्हटलं, प्रेमाने विचारू. बेसनाच्या लाडवांचा डबा पुढ्यात ठेवला. "जो खरं सांगेल त्याला लाडू. ओरडणार नाही."

पाच हात वर!

तन्मय तर उभाच राहिला. "काकी, मीच घेतली!"

"कुठे ठेवलीस?"

"ते माहीत नाही. पण घेतली मीच!"

सहावी सिया. शेजारच्या म्हातारीची नात. तिची आई कुवेतला घरकामाला गेलीय. ती एकटी मान खाली घालून बसलेली. मी म्हटलं, "बघा, लाडवासाठी खोटं बोलली नाही. शिका जरा!" आणि लाडू तिच्या हातावर ठेवला.

\*

मग आयांना बोलावलं. आरोहीची मम्मी दारातूनच सुरू झाली. "काकी, आमच्या घरात दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची पद्धतच नाही!"

आरोही मांडी घालून डब्यातली पोळी खात होती. तिने डबा उलटा केला, बोट लावून वाचलं आणि म्हणाली, "मम्मी, यावर तर काकांचं नाव कोरलंय!"

माझाच डबा! कधीतरी शिरा घालून दिलेला. मी तोंड उघडणार तोच ती बाई माझ्या मांडणीकडे हात करून म्हणाली, "आणि ते मधलं पातेलं? त्यावर माझ्या सासूबाईंचं नाव आहे, काकी!"

दोघींनी भांडी बदलून घेतली. कुयरीचं राहूनच गेलं.

\*

खरं शहाणपण शिकवलं रायनने. कोपऱ्यावरच्या डिसोझांचा हा मुलगा. त्याला विचारलं, "तुम्ही चर्चमध्ये जाऊन चुका सांगता ना? मग मला सांगायला काय होतं?"

तो म्हणाला, "काकी, फादर कुणाला सांगत नाहीत. तुम्ही तर अख्ख्या चाळीला सांगाल!"

 

\*

म्हणून मग मोरीत मोठा टोप ठेवला. मोरीला पडदा लावला. नियम केला, आल्या आल्या प्रत्येकाने एकट्याने आत जायचं, आपलं नसलेलं जे काही जवळ असेल ते टोपात टाकायचं आणि बाहेर यायचं. कोणी बघायचं नाही, मी विचारणार नाही.

दुसऱ्या दिवशी टोपात काय नव्हतं! खोडरबरं, शाळेचा डस्टर, टीव्हीच्या रिमोटचे सेल, कोणाच्या तरी ताईची लिपस्टिक. कागदात गुंडाळलेला एक अख्खा लाडू. तो कोणी आणि कशाला टाकला, मला कळेना.

आणि तळाशी तंबाखूची डबी!

मी बाहेर येऊन ओरडले, "ही कोणाची?" आमचे मिस्टर खाटेवर पेपर वाचत होते. सोडली म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेली त्यांनी. पेपर तोंडासमोरून न काढता म्हणाले, "विचारायचं नाही असं ठरलंय ना?"

कुयरी मात्र नाही. मी टोप उचलला नाही. म्हटलं, राहू दे.

\*

असेच काही दिवस गेले. टोपात काही पडेनासं झालं. पोरं आत जायची, हात हलवत बाहेर यायची. मीही मनातून कुयरी सोडून दिली होती. दिवा लावताना हात उगाच त्या जागी जायचा, एवढंच.

एका दुपारी सिया पडद्याआड गेली आणि आत खण्णकन आवाज झाला. खोडरबराचा नव्हे, पितळेचा! सगळी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी डोळे वटारले. नियम म्हणजे नियम. मीही तांदूळ निवडत खालीच बघत राहिले.

सिया बाहेर आली. पण सतरंजीवर बसली नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काकी, तुमची डबी चांगली नाहीये."

"का गं?"

"मी रोज उघडली. माझी आई दिसतच नाही."