उडता बैल आणि कूलरचं इंजिन

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझी बायको दरवर्षी एक राज्य उभं करायची. भाद्रपदाच्या पुनवेला भुलाबाई मांडली की तिच्या पाटापुढं ते राज्य यायचं. भुलाबाई-भुलोजीच्या मूर्ती कुंभाराकडच्या, राज्य मात्र घरच्या काळ्या मातीचं. काळी माती वाळली की तडकते, म्हणून ती मातीत कापूस कुटून घालायची. डोंगर, बाजार, विहीर, न्हाव्याची टपरीसुद्धा. आणि त्या राज्यात एक बैल होता, तो उडायचा. कोजागिरीपर्यंत गावातल्या पोरी रोज संध्याकाळी गाणी म्हणायला यायच्या, आणि गाणी झाली की त्या राज्यात आज काय घडलं ते ऐकायच्या.

मी चौथी शिकलेला. मोर्शीकडच्या गावांत संत्र्याच्या बागा, आणि त्या बागांच्या विहिरींवर इंजिनं बसवायची, पुढं बोअरमध्ये मोटारी सोडायच्या, हे माझं काम. उगाच हवेतलं बोललेलं मला खपत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच भुलाबाईत मी तिला पोरींसमोर अडवलं.

"बैल उडते म्हन्तं, अन् मोट बी थोच ओढते? उडता येते त पयून नाही जाईन थो?"

तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "काहून? उडनाऱ्या बैलाले मालक नसते काय?"

पोरी खो खो हसल्या. मग तिनं मला त्या राज्याचा कायदा सांगितला. "जादू एकच. बैल उडते, बास. बाकी सारं घाम गायून. पानी कुठून येते, भाकर कोन करते, थे सांगता आलंच पाह्यजे." मला तो कायदा पटला. खरं सांगतो, ती मला पटली ती त्या दिवशी.

तेव्हापासून मीही त्या राज्यात शिरलो. गावात वीज आली, त्या वर्षी मी तिला म्हणालो, "आता तुया राज्यात बी मोट नको. इंजिन पाह्यजे." परतवाड्याला माझा एक जोडीदार जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचा. त्याच्याकडून कूलरचा एक जुना पंप आणला. त्याच्यावर डब्याच्या पत्र्याचं इंजिन केलं, चाक लावलं. मातीच्या विहिरीत पाण्याचं घमेलं बसवलं, सलाईनची नळी जोडली. बटण दाबलं आणि राज्याच्या शेतात पाणी पडायला लागलं. जोडीदार स्वतः पाहायला आला होता. टाळी वाजवून म्हणाला, "भाभी, तुमारे राज में पह्यला कनेक्शन अपना!" शेजारच्या गावातल्या पोरी पाहायला आल्या. माझी छाती फुगली.

रात्रीची आवराआवर करताना ती एवढंच म्हणाली, "अवो, आता मोट हाकनाऱ्यानं काय कराव?"

"करीन थो काहीतरी. दुसरं काम पाहीन."

"कोन्तं?"

मी अंथरूण टाकलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिनं त्या मातीच्या मोटवाल्याला विहिरीपासून उचलून निंबाखाली बसवला होता. हातात कासरा, कासऱ्याला बैल नाही. दरवर्षी तो तिथंच बसायचा. मी म्हणायचो, "उठव ना त्याले." ती म्हणायची, "तुमी काम सांगा, उठवतो."

मग बोअरची वर्षं आली. विहिरी खोल गेल्या, तसे लोक बोअर मारत सुटले. शेजाऱ्यापेक्षा खोल, त्याच्यापेक्षा दुसरा खोल. मोटार सोडायला मीच. सकाळी एका वावरात, दुपारी दुसऱ्या. लोक मला चहा पाजायचे, देवासारखं बोलवायचे. आमच्या वावराला लागून जो बोअर पडला, त्यातही मोटार मीच सोडली. त्या उन्हाळ्यात आमची विहीर आटली. तिच्या हातची संत्र्याची झाडं उभी वाळली. ती डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायला लागली. मला एक शब्द बोलली नाही. मीठ कमी पडलं तर बोलायची, तंबाखूवरून तर रोज, माझ्या भावावरून तर भांडी आपटायची. आणि यावर गप्प.

त्याच वर्षी भुलाबाईच्या दिवसांत मी आठ दिवस कामावर होतो. परत आलो तर राज्यात इंजिन नाही. विहिरीवर पुन्हा मोट, मोटेला तो उडता बैल, आणि निंबाखालचा माणूस उठून कामाला लागलेला.

"इंजिन कुठं हाये वं?"

"जयलं. भंगारवाल्याले देल्लं."

"मले दाखवाचं त होतं. मी भरून देल्लं असतं."

"राहू द्या. पोट्ट्याईले मोटच आवडते."

मी मानलं. वर चेष्टाही केली. सारं जग पुढं जाऊन राहिलं आणि आमच्या घरची राणी मोटेवर परत चालली, असं पोरींसमोर म्हणालो. ती हसली. तिचं ते हसू आता आठवलं की अंगाची आग होते.

ती गेल्या माघात गेली. अकोल्याला दिलेल्या लेकीचा भाद्रपदात फोन आला, "बाबा, आईचं भुलाबाईचं सामान घेऊन या. औंदा माह्या घरी मांडतो." मी लोखंडी पेटी उघडली. तळाशी तिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात काहीतरी जड. सोडलं तर इंजिन. पत्रा लखलखीत, नळी घडी घालून ठेवलेली. बादलीत सोडलं, पातं बोटानं एकदा फिरवलं, बटण दाबलं. पाण्याची धार थेट माझ्या तोंडावर आली.

मी लेकीला फोन लावला.

"मले मालूम होतं, बाबा," ती म्हणाली. "गुंडाळतानी मीच धरलं होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"आई म्हने, झाकून ठेव. ओयखतीन कधीतरी."

आता हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. भुलाबाईची खिरापत डब्यात झाकून ठेवतात. पोरींनी ओळखायचं, आत काय आहे. नाहीच जमलं तर "हरलो" म्हणायचं, मग झाकण उघडतात. माझी बायको या खेळात पक्की होती. तिची खिरापत कुणाला सहज ओळखू यायची नाही. पण पोरींना खेळ चालू आहे हे ठाऊक असतं. मला कुणी सांगितलं? माझ्यापुढं डबा ठेवलाय हेच मला ठाऊक नव्हतं, मग मी हरलो म्हणू कसा? मायलेकी दोघी डबा धरून बसल्या आणि मी घरात येत होतो, जेवत होतो, मोटारी सोडायला जात होतो.

आणि दुसरं. कायदा तिचाच होता, एकच जादू. इंजिन काढलं, मोट लावली, पण विहीर? ती तर भरलेलीच ठेवली. बाहेर टँकर, आणि राज्यात विहिरीला पाणी! ते कुठून आलं ते तिनं एकदा तरी सांगितलं काय? मला खरंखोटं शिकवणारी, लबाडी तिनंच केली. मला तोंडावर म्हणायचं, "तुमी आटवली विहीर." मी चिडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो. पण मला कळलं तरी असतं.

अकोल्याला लेकीनं पाट मांडला. राज्य मी केलं. माती मी नेली, कापूस मी कुटला. माझ्या हाताला तिच्यासारखं येत नाही, डोंगर ढेकळासारखा झाला. विहीर खणली, पण घमेल्यात पाणी घातलं नाही. काठावर इंजिन ठेवलं. मोटवाला निंबाखाली बसवला.

संध्याकाळी गाणी झाली. नात पुढं सरकली, तिच्या मैत्रिणी तिच्या मागं.

"आबा, इंजिन चालत काहून नाही?"

"ओयखा."

"लाइन गेली!"

"नाही."

"मोटर जयली!"

"नाही. चांगली हाये."

"उंदरानं नयी कुरतडली! बटन खराब हाये! आबाले लावताच नाही येत!"

"नाही, नाही, नाही."

शेवटी साऱ्या एका सुरात ओरडल्या, "हरलो!"

लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्याकडं पाहूनच मी सांगितलं, "विहिरीत पानी नाही. या राज्यातलं सारं पानी मी उपसलं. मीच मोटारी सोडल्या."

नातीनं वाकून विहिरीत पाहिलं, बोट घालून कोरडी माती खरवडली.

"आजीनं त आमाले असं नाही सांगतलं."

"मले बी नाही सांगतलं," मी म्हणालो, आणि खिरापतीचा डबा पुढं ओढला.