कोपर कानाशी

चार वाजता राज्य सॉफ्टबॉल संघाची निवड चाचणी आहे आणि दुपारी अडीचला रुचा ढोरेचा डोळा लागतोय. वसतिगृहाच्या हॉलमध्ये, पोळी-भाजी खाऊन, ती सतरंजीवर आडवी झालीये. हातात सॉफ्टबॉल. त्यावर लाल स्केचपेनची रेघ आहे, दर्यापूरच्या शाळेत खंडारे सरांनी मारलेली. फेकलेला चेंडू नीट फिरला की रेघ सरळ दिसते, नाहीतर लटपटते. सर श्रावणात गेले. रेघ फिकटलीये, पण रुचा ती कुणाला गिरवू देत नाही.

महिनाभर रेघ लटपटतेय, हे सगळ्यांना दिसतंय. सरांच्या जागी आलेल्या तायडे मॅडम सांगून थकल्या, चेंडू सोडल्यावर कोपर कानाशी उचलू नकोस, मनगट आखडतं. पण कोपर कानाशी न्यायला सरांनी शिकवलं होतं. माणूस गेला म्हणून त्याचा शब्द खाली पडू द्यायचा का? रुचा हट्टाला पेटली की ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही.

पापण्या मिटतात. सतरंजीच्या पलीकडे शाळेची पाण्याची टाकी आहे. तिथे खंडारे सर शेंगा सोलत बसलेत, गळ्यात शिट्टी.

"सर, तुम्ही तर गेलात."

"हो ना. टाक."

ती सॉफ्टबॉलच्या रीतीनं हात गरगर फिरवते, खालून चेंडू सोडते, कोपर कानाशी नेते. रेघ लटपटत जाते आणि चेंडू दवाखान्याच्या फरशीवर आपटतो. सरांना शेवटी इथेच आणलं होतं. सर कॉटवरून उतरून चेंडू उचलतात.

"काहून गं, कोपर कुठं चाललं?"

"तुम्हीच शिकवलं."

"चुकीचं शिकवलं. मी कबड्डीचा माणूस. एका पुस्तिकेत पोरीचं कोपर वर दिसलं, तेच तुमच्या माथी मारलं."

रुचाला संताप येतो आणि रडूही. "मग आधी सांगायचं ना!"

"आधी कळलं असतं तर सांगितलं असतं."

दवाखाना आता सरांचं स्वयंपाकघर आहे. सर लोणच्याची बरणी तिच्या हातात देतात. झाकण घट्ट बसलंय.

"उघड."

ती पीळ देते. झाकण निघतं.

"कोपर कुठं आहे?"

"कमरेशी."

"मंग झाकण कशानं फिरलं?"

"मनगटानं. बोटांनी."

"तेच. चेंडू सोडला की झालं. हात जाते तिकडं जाऊ दे." सर एक फोड तोंडात टाकतात. "मस्त मुरलंय."

"सर, तुमचं शिकवलेलं सोडलं, तर तुमचं माझ्याकडे राहील काय?"

सर बोटं चाटतात. "चारला चाचणी आहे ना तुझी? मंग झोपून काय राहिलीस?"

"रुचा, ऊठ. साडेतीन वाजले."

तायडे मॅडम दारात उभ्या आहेत. रुचाची मूठ चेंडूवर इतकी घट्ट आवळलीये की बोटं दुखतात. ती एकेक बोट सोडवते. घामानं रेघ अर्धी पुसली गेलीये आणि तिचा लाल रंग तीन बोटांच्या पेरांवर उतरलाय. ती पेरांकडे बघत बसते, मनगट एकदा फिरवून बघते. कोपर कमरेशीच राहतं.

मग ती उठते आणि चेंडू मॅडमच्या हातात देते.

"मॅडम, तुमच्याकडं स्केचपेन आहे? यावर नवी रेघ मारून द्या."