गाडीची चीं-चीं आणि कल्पनाचं ड्रायव्हिंग

हसणार नाही असं कबूल करत असाल तर सांगतो. नाही, राहू द्या, हसणारच आहात तुम्ही. फक्त हातातला चहा आधी संपवा, म्हणजे अंगावर सांडायचा नाही.

मी लोणखेड्याच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. राहायला शहाद्यात. बायको कल्पना, म्हसावदच्या शाळेत शिक्षिका. दोनेक वर्षांपूर्वी आम्ही जुनी गाडी काढून टाकली. बावीस वर्षं चालवली होती हो मी ती! आणि नवी कोरी घेतली. पांढरी, पाच माणसं ऐसपैस बसतील अशी, आणि मुख्य म्हणजे क्लच नसलेली! ऑटोमॅटिक! एक ॲक्सिलरेटर, एक ब्रेक, संपला विषय.

क्लच नाही म्हटल्यावर कल्पना म्हणाली, "मग मीपण शिकते."

पंचेचाळिसाव्या वर्षी! पण पठ्ठी शिकली. महिनाभर आमच्याच गाडीवर क्लास लावला, लायसन्स काढलं, आणि एक दिवस एकटी म्हसावदला जाऊन परत आली. गाडीतून उतरली तेव्हा तिची उंची दोन बोटं वाढल्यासारखी दिसत होती मला. आमच्या गल्लीतली गाडी चालवणारी पहिली बाई. मग आठवड्याची वाटणी ठरली. तीन दिवस गाडी तिच्याकडे, तीन दिवस माझ्याकडे, आणि रविवारी नातेवाइकांकडे, लग्नाकार्याला, नंदुरबार-तळोद्याला जायचं तर मीच.

सगळं छान चाललं होतं, आणि गाडी चीं-चीं करायला लागली.

वेग कमी केला की चीं. वळणावर चीं. शहाद्याच्या स्टँडसमोर तर एसटीची वाट बघणारी माणसं पिशव्या सोडून वळून बघायची. आमच्या शेजारी मगन आप्पा राहतात, केळीवाले शेतकरी. ओट्यावर बसून सगळ्या गल्लीची हजेरी घेतात. मी घरी आलो की त्यांची मान वर.

"मास्तर, गाडीमा चिमन्या पाळेल शेत का?"

"आप्पा, नवीन गाडी शे."

"नवीन शे म्हनीसनच इचारस! जुनीले कोन इचारस?"

आता नव्या गाडीचा असा अपमान कोण सहन करेल? मी लगेच अभ्यासाला बसलो. मोबाईलवर दहा-बारा व्हिडिओ पाहिले. एक म्हणतो धूळ, दुसरा म्हणतो दमटपणा, तिसरा म्हणतो हल्ली नव्या गाड्यांचे ब्रेक पॅडच कडक असतात. मला तिसरा पटला. कारण त्यात माझा काही दोष नव्हता.

सर्व्हिसिंगला गाडी धुळ्याला शोरूममध्ये नेली. कल्पनाही सोबत होती. तासाभरानं तिथला मॅनेजर आला आणि म्हणाला, "सर, पुढचे ब्रेक पॅड संपलेत."

"संपले? बिस्किटं आहेत का ती?"

"सर, एवढ्या लवकर नाही संपत. पण कोणाला ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय असेल, तर सतत घासून झिजतात, आवाजही करतात. घरात कोणाला आहे का अशी सवय?"

आता इथं मी काही बोललो नाही बरं का. एक अक्षर नाही. मी फक्त मान वळवली. सोफ्यावर कल्पना मासिक चाळत बसली होती. मॅनेजरनं तिच्याकडे पाहिलं. दोन मेकॅनिकनी पाहिलं. पाण्याचे ग्लास घेऊन आलेल्या बाईनंही पाहिलं.

"मी?" कल्पना म्हणाली. "मी नाही हो ठेवत."

"ठेवणाऱ्याला ते कळत नसतं," मी म्हणालो.

काय तो माझा आवाज! जज्जानं निकाल वाचावा तसा. नवे पॅड बसवून घेतले आणि धुळे ते शहादा, अख्खा रस्ता मी तिला घर्षण हा धडा शिकवला. मी चालवत होतो, ती ऐकत होती. दोंडाईचा येईपर्यंत घर्षणाची व्याख्या, पुढं प्रकार.

घरी आल्यावर एका कागदावर सूचना लिहून डॅशबोर्डला चिकटवल्या. ब्रेकवर उगाच पाय ठेवू नये. लांबूनच वेग कमी करावा. वगैरे वगैरे. खाली 'हुकमावरून' लिहायचं तेवढं बाकी ठेवलं. बिचारी कल्पना तो कागद पाठ करून गाडी चालवायला लागली. म्हसावदच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यासुद्धा तिला ओव्हरटेक करत असतील.

आणि चार महिन्यांत पुन्हा चीं!

मग मात्र मी किल्ली मागून घेतली. "थोडे दिवस तू एसटीनं जा," मी म्हणालो. "गाडी जरा सुधारू दे."

तिनं पर्समधून किल्ली काढली, टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "खरंच मला येत नाही का हो?"

मी काय म्हणावं? मी म्हणालो, "सगळ्यांना सगळं जमतंच असं नाही, कल्पना."

आता ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. तेव्हा मात्र मला वाटलं होतं, किती समजुतीनं बोललो आपण!

दुसऱ्या दिवसापासून ती स्टँडवर जाऊन एसटीत उभ्यानं म्हसावदला जायला लागली. शाळा सुटल्यावर पुन्हा तसंच. तक्रार केली नाही, आणि त्यामुळे माझी खात्रीच पटली. चूक नसती तर भांडली नसती का?

एवढ्यावर थांबावं की नाही? पण वर्गात घर्षण हा धडा निघाला आणि मला जिवंत उदाहरण सुचलं. "आता बघा," मी फळ्यावर चाक काढून म्हणालो, "आमच्या घरी एका व्यक्तीला ब्रेकवर पाय ठेवायची सवय आहे..." वर्ग खूश, मीही खूश. फक्त एक गोष्ट मला माहीत नव्हती. त्या वर्गातल्या एका मुलीची मावशी कल्पनाच्याच शाळेत शिकवते.

संध्याकाळी कल्पना दारातूनच म्हणाली, "तुम्ही वर्गात माझं नाव घेतलं?"

"नाव नाही घेतलं. मी फक्त 'आमच्या घरी' म्हणालो."

"तुमच्या घरी आणखी कोण आहे?"

बरोबर होतं तिचं. मुलगा पुण्याला असतो, घरात आम्ही दोघंच. दोन दिवस आमच्यात फक्त भाजी आणि गॅस सिलिंडर, एवढ्या दोनच विषयांवर बोलणं झालं.

आता ऐका. दोन महिने गाडी फक्त माझ्या हातात होती. म्हणजे आवाज बंद व्हायला हवा की नको? तर तो वाढला! आधी चीं होतं, आता चर्र्र व्हायला लागलं. माझ्या जागी एखादं शहाणं माणूस असतं तर तिथंच थांबून विचार केला असता. पण मी फिजिक्सचा मास्तर. मी म्हणालो, तिची सवय गाडीच्या अंगात मुरलीय, निघायला वेळ लागेल.

ॲव्हरेज कमी झालं, मी पेट्रोल पंपाला दोष दिला. गाडीतून जळका वास आला, मला वाटलं शेतात कोणी पाचट जाळतंय. आणि मागून येणाऱ्या गाड्या मला सारखे लाईट मारायच्या. मला वाटायचं, जिल्हाभर आपले माजी विद्यार्थी पसरलेत, ओळख देताहेत बिचारे. मी आरशात बघून हात करायचो!

शेवटी मी गाडी युनूसभाईंकडे न्यायची ठरवली. लोणखेड्याच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज आहे. साठीचे गृहस्थ, आमची जुनी गाडी त्यांच्याच हाताखालची. आणि जाताना मी कल्पनालाही बरोबर घेतलं. मुद्दाम! म्हटलं, नवऱ्याचं ऐकायला जड जातं, त्रयस्थ माणसानं समजावलं तर पटेल.

युनूसभाईंनी चाक खोललं, पॅड काढून उन्हात धरले.

"सर, हे बघा. काचेसारखे चमकताहेत. सारखे घासून घासून तापलेत. गाडी चालवतं कोण?"

मी तोंड उघडायच्या आत कल्पना म्हणाली, "दोन महिन्यांपासून हेच."

"आणि त्याआधी ही," मी घाईघाईनं म्हणालो.

युनूसभाईंनी दोघांकडे पाहिलं. पॅड घालून चाक परत बसवलं, हात पुसले आणि मोटरसायकल काढली. "सर, तुम्ही चालवा. मी मागून येतो. आवाज कोणत्या बाजूचा ते बघू."

निघालो. मी चालवतोय, शेजारी कल्पना, मागे युनूसभाई. दोन्हीकडे कापसाची शेतं, रस्ता मोकळा. अर्धा किलोमीटर गेलो नाही तोच मागून हॉर्नवर हॉर्न. थांबलो. युनूसभाई जवळ आले.

"सर, तुमचे ब्रेकचे लाल दिवे विझतच नाहीत! निघाल्यापासून लागलेलेच!"

आता काय सांगू तुम्हाला, मला जो आनंद झाला! "वायरिंग!" मी ओरडलो. "बघा, वायरिंगचा दोष! त्यामुळेच ब्रेक लागतोय!" आणि मोठ्या मनानं कल्पनाकडे वळून म्हणालो, "तुझी चूक नव्हती बरं का. मी आता काही मनात ठेवत नाही."

माफ केलं हो मी तिला! भर रस्त्यात!

युनूसभाईंनी दाढी खाजवली. म्हणाले, "वहिनी, तुम्ही चालवा जरा."

कल्पना दोन महिन्यांनी त्या सीटवर बसली. आरसा नीट केला, पट्टा लावला. मी बाहेर उभा राहून बघत होतो. गाडी गेली, लांब वळली, परत आली. दिवे बंद! फक्त वळताना आणि थांबताना लागले, जसे लागायला हवेत तसे.

"लूज कनेक्शन असेल," मी म्हणालो.

"आता परत तुम्ही बसा, सर."

मी बसलो. पन्नास पावलं गेलो असेन, तोच युनूसभाई मोटरसायकल शेजारी घेऊन आले आणि काचेवर टकटक केली. "सर, थांबा. आणि पाय अजिबात हलवू नका. जिथं आहेत तिथंच राहू द्या."

त्यांनी माझ्या बाजूचं दार उघडलं, रस्त्यावर उकिडवे बसले आणि आत डोकावले. मागून कल्पनाही चालत येऊन त्यांच्या खांद्यावरून वाकली.

"सर, हा उजवा पाय. गाडी त्याच्यानंच चालवता ना?"

"हो."

"आणि हा डावा इथं काय करतोय?"

मी खाली पाहिलं. माझा डावा पाय ब्रेकवर होता. ठेवलेला नव्हता, विसावलेला होता! एखाद्यानं जेवण करून लोडाला टेकावं इतका निवांत. तो तिथं कधी गेला, मला काहीही माहीत नाही. आईची शपथ.

"सर, बुरा नका मानू," युनूसभाई म्हणाले. "जुन्या गाडीत तुमचा हा पाय कायम क्लचवर ऱ्हायचा. मी तीनदा क्लचप्लेट बदलली. आता क्लच नाही, तर तो शेजारी जाऊन बसला."

"मग हिचा कसा नाही गेला?"

"वहिनी ह्याच गाडीवर शिकल्या. त्यांच्या डाव्या पायाला काही सवयच नाही. खाली ठेवायला सांगितला, त्यांनी खाली ठेवला."

मला वाटलं, आता कल्पना हसणार, नाहीतर सुनावणार. तिनं डॅशबोर्डवरचा माझ्या सूचनांचा कागद हळूच सोलून काढला, नीट घडी करून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाली, "उतरा."

उतरलो.

घरी आलो तर मगन आप्पा ओट्यावर. मी सगळं सांगितलं. म्हटलं, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं. आप्पांनी ते दिवे केव्हाच पाहिले होते. म्हणाले, "ते लाल दिवा ना? ते मी कव्हयनं दखी ऱ्हायनू. माले वाटनं, नवीन गाडीनी फॅशन व्हई!"

वर्गातही दुरुस्ती करणं भाग होतं. फळ्यापाशी उभा राहिलो आणि म्हणालो, "मागच्या उदाहरणातली ती घरातली व्यक्ती म्हणजे मी." वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातल्या मॅडम काय झालं ते बघायला आल्या. मग त्याही हसल्या. बातमी त्याच दिवशी म्हसावदला पोचली. संध्याकाळी कल्पना घरी आली ती हसतच. बऱ्याच दिवसांनी. मी म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "ते मला स्टाफरूममध्येच कळलं. चहा टाका."

तेव्हापासून गाडी तिच्याकडे. मी कॉलेजला स्कूटरनं जातो. रविवारी कुठं जायचं असेल तर तीच चालवते, मी शेजारी बसतो. नवे पॅड बसवून वर्ष होत आलं, गाडी चकार शब्द काढत नाही.

गेल्या रविवारी ती गाडी धूत होती. पायाखालच्या चटया काढून उन्हात टाकल्या. तिची चटई कोरीच्या कोरी. मागच्या दोन्ही कोऱ्या. माझी तिनं उचलून आभाळासमोर धरली तर डाव्या बाजूला, बरोबर टाचेखाली, रुपयाएवढं भोक! रस्त्यात म्हैस आली, वळण आलं, समोरून ट्रक आला की शेजारी बसून मी नसलेला ब्रेक दाबत होतो म्हणे.

कल्पना त्या भोकातून एक डोळा लावून माझ्याकडे बघत होती. "अहो, हे कशानं झालं असेल हो?"

मी चटई हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, आणि म्हणालो, "मटेरियलच हलकं दिसतंय."