बाबांच्या संत्र्याचा ताण

आमच्या घरचे किस्से म्हणजे फाल्गुनातला कडुलिंबाचा पाला. सकाळी अंगण झाडून काढा, दुपारी पुन्हा भरलेलं! मैत्रिणी म्हणतात, "अगं, लिहून ठेव." म्हटलं, मी लिहायला बसले तर झाडायचं कोणी? तरी परवाचा शनिवार-रविवार सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

अमरावतीला आमच्या घरापुढे एक संत्र्याचं झाड आहे. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, वकिली सोडली त्या वर्षी ते लावलं. उंच झालं, हिरवंगार झालं, पण आजपर्यंत एक संत्रं दिलं असेल तर शपथ! माझे यजमान विलास इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. त्यांना त्या जागी गाडीसाठी शेड हवं होतं. आमच्याकडे एप्रिल लागला की स्टेअरिंगला हात लावायची सोय नसते, हेही खरंच.

"एका झाडासाठी गाडी जाळाची का बाबा?"

बाबा ताडकन उठले. "झाडाची बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही! मले तारीख पायजे!"

मिळाली तारीख, महिन्याभरानंतरची. त्या सोमवारी सकाळी शेडवाला माणसं घेऊन येणार होता. तोवर झाडावर एक कळी दिसली तर झाड राहणार. नाहीतर कुऱ्हाड.

*

बाबांनी झाडाला ताण द्यायचं ठरवलं. ताण म्हणजे काही आठवडे पाणी बंद. झाड सुकतं, पानं टाकतं, आणि मग पाणी मिळालं की फुलून येतं. वऱ्हाडातल्या बागा अशाच बहरतात. पण बागायतदार आपला गुपचूप पाणी तोडतो. आमच्या वकीलसाहेबांनी झाडाला पाटी टांगली: 'मनाई हुकूम. या झाडास कोणीही पाणी देऊ नये.' खाली सही!

दूधवाला बिचारा पाटी वाचून फाटकाबाहेरच थांबला. म्हणाला, "वहिनी, दुधाले तं मनाई नाही नं?"

*

शनिवारी सकाळी सगळे खराटे, कात्र्या घेऊन अंगणात उतरलो. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि हातातलं पातेलं सरळ संत्र्याच्या बुडाशी ओतून मोकळ्या झाल्या.

बाबा ओरडले, "कावून पाणी देल्लं व त्याले?"

"मी कुठं पाणी देल्लं? मी तं तांदूळ धुतले!"

"ते धुतलेलं पाणी गेलं कुठं मंग?"

"जिथं रोज जाते तिथं!" सासूबाई आत निघूनही गेल्या. चाळीस वर्षं कोर्ट गाजवलेला माणूस, पण त्या दारापुढे त्यांची एक केस उभी राहिलेली नाही.

*

तासाभरानं आमची मुक्ता सापडली. सातवीत आहे. हातात नॅपकिन, आणि नॅपकिनमधून धार लागलेली.

"आबा, मी पाणी नाही दिलं. फक्त पानं पुसली. किती धूळ होती!"

"पुसली म्हणते! अभ्यंगस्नान घातलं पोट्टीनं त्याले!"

मी हसू दाबत होते, पण बाबांचा चेहरा बघून थांबले. त्यांनी खाली वाकून माती चाचपली, वर फांद्या न्याहाळल्या, एकेक डहाळी डोळ्यांजवळ धरून पाहिली. कळी नव्हतीच. मला त्यांचं खरंच वाईट वाटलं.

*

विलासनी तोवर कढीपत्त्याचं झाड छाटायला घेतलं होतं. मोबाईलवर व्हिडिओ बघून! दोन फांद्या खाली पडल्या नाहीत तर अख्खी गल्ली फाटकात हजर. कुणाला चार डहाळ्या, कुणाला चटणीपुरता, कुणाला मुलीकडे पुण्याला पाठवायला. विलास स्टुलावरून म्हणाले, "अहो, पेपरात जाहिरात देल्ली होती का आमी?"

शेवटच्या काकू फांदी घेऊन निघाल्या त्या संत्र्यापाशी थांबल्या. "हे तोडून राहिले म्हणे तुमी? त्याच्या काड्या तरी देजा चुलीले."

बाबा त्यांच्याशी अजून बोलत नाहीत.

*

रविवारी अकोल्याला गुलाबरावांकडे रोडगे जेवायला बोलावणं होतं. गुलाबराव म्हणजे बाबांचे कॉलेजपासूनचे मित्र, पिढीजात बागायतदार. त्यांच्या अंगणात गोवऱ्यांचा जाळ पेटलेला, निखाऱ्यांत कणकेचे जाडजूड रोडगे भाजत होते, वांग्याच्या भाजीचा वास रस्त्यापर्यंत आला होता. आम्ही गाडीतून उतरतो न उतरतो तोच बाबांनी विचारलं, "गुलाब, कळी केव्हा दिसते?"

"अगोदर पाणी तं पी!"

मुक्तानं मोबाईलवर झाडाचा फोटो दाखवला. गुलाबरावांनी तो मोठा करून पाहिला, चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला.

"वकीलसाहेब, याले ताण बसलाच नाही. पानं पाहा कशी तजेलदार हायेत! कोणीतरी पाणी पाजून राहिलं त्याले. आन् तसाही आंब्याच्या मोहरासंगं येते त्या आंब्या बहाराचा ताण जानेवारीतच पाणी देऊन सोडाचा असते."

झालं! भर पंगतीत उलटतपासणी सुरू. सासूबाईंनी तांदळाची शपथ घेतली, मुक्तानं विद्येची, मी कशाचीच नाही, कारण माझं तोंड भरलेलं होतं. मग बाबा विलासकडे वळले.

"तुले शेड पायजे. तूच पाणी टाकून राहिला! ताण मोडाले!"

विलासनी रोडगा खाली ठेवला. "बाबा, मी त्या झाडाले आजपर्यंत एक थेंब पाणी देल्लं नाही."

"तेच तं दुखते मले!" बाबा म्हणाले.

जेवणं थांबली. गुलाबरावांनी बाबांच्या वरणात तुपाची मोठी धार सोडली. "उद्यापर्यंत येईल का रे कळी?" बाबांनी हळूच विचारलं. गुलाबराव त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तू जेव बरं अगोदर. चिमणीवानी जेवून राहिला!"

*

वऱ्हाडात पाहुणा 'निघतो' म्हणाला की खरा पाहुणचार सुरू होतो. आम्ही चपला घातल्यावर चहा झाला. गाडीत बसल्यावर लोणचं आलं. विलासनी गाडी सुरू केली तेव्हा गुलाबरावांच्या सौ. संत्र्यांची अख्खी पिशवी घेऊन धावत आल्या. एकेक संत्रं असं, की बघताच तोंडाला पाणी सुटावं.

बाबांनी खिडकीतून दोन्ही हात जोडले. "नको वहिनी. संत्र्याचं झाड आहे आमच्या घरी."

सासूबाईंनी मागच्या दारातून पिशवी गुपचूप आत ओढून घेतली. मूर्तिजापूर येईपर्यंत गाडीत संत्र्यांचा घमघमाट, आणि बाबा काच खाली करून बाहेरचे पळस बघत बसलेले!

*

सोमवारी उजाडता उजाडता मी चहा ठेवायला उठले, तर विलास आधीच स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

बाहेर बाबा होते. धोतराचा सोगा खोचलेला, हातात पूजेचा तांब्या. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, मागे पाहिलं, मनाई हुकुमाची पाटी हातानं बाजूला सारली आणि बुडाशी बेतानं पाणी सोडलं.

"जास्त नाही देत," ते झाडाला म्हणाले. "रोजच्याएवढंच. तोंड सुकते रे तुह्यं, मले पाहवत नाही."

विलासनी दार उघडलं. बाबा दचकले आणि तांब्या पाठीमागे लपवला.

"मी... चूळ भरून राहिलो होतो."

फाटकाबाहेर शेडवाल्याचा टेम्पो येऊन थांबला होता. हॉर्न वाजला. विलासनी तिकडे पाहिलं नाही. ते गाडीपाशी गेले, गाडी धुवायचा पाईप नळाला लावला आणि ओढत ओढत झाडापर्यंत आणला.

"सरका बाबा. तांब्यानं काय होते त्याचं?"