खलाशीकाकाचा बुलावा

खलाशीकाका बसून कधी जेवलाच नाही. बोरी अरब गावात आमच्या शेजारीच त्याचं घर. ताट हातात, अन् ओसरीवर येरझाऱ्या. काकू म्हणे, "अवं, बसा ना!" तं म्हणे, "इथची जमीन हालत नाही, मंग मलेच हालावं लागते."

बांगलादेशच्या लढाईत राखीव खलाशी म्हणून त्याले बोलावलं होतं. लढाई सरली, राखीववाले घरी धाडले. पण हाती कागद देला, पाच सालाच्या आत कवाही बोलावू. त्या कागदानं माणसाले बसूच देलं नाही. विहीर अर्धी खणून सोडली, म्हशीचा सौदा करून मोडला. "मी गेलो तं पाहीन कोण?" पेटी भरलेली, बूट चकचकीत. काकूले तो कागद म्हंजे सवत.

मी तवा वीस वर्साचा बैल. पहिलीत तीन सालं काढली, शेवटी मास्तरच बदली घेऊन पळाला. अक्षरं म्हंजे मले मुंग्या.

एक दिवस पोस्टमननं काकाचं पाकीट माह्या हाती देलं. त्यावर जहाजाचा शिक्का. तेवढं मले वाचता आलं! पाकीट डोक्यावर धरून मी बाजारातून नाचतच सुटलो, "काकाले बुलावा आला!" रस्त्यात डफडंवाला भेटला, त्यालेई घेतलं. काकाच्या दारी पोचलो तं मागं पन्नास माणूस. काकू पदर तोंडाले लावून आत गेली. काकानं पाकीट फोडलं, वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"बाळ्या," म्हणे, "पेटी उचल."

एसटीपर्यंत वाजवत नेलं. हारई मीच घातला.

तिसऱ्या दिवशी वावरातून येऊन राह्यलो, तं फाट्यावर काका पेटीवर बसलेला.

"लढाई इतक्यात सरली, काका?"

"बुलावा नव्हताच रे. राखीवातून नाव कटलं. आता कवाच बोलावणार नाही."

"मंग गेलते कायले?"

"तू वरात घेऊन आलता. नवरदेवानं नाही कसं म्हणावं?"

"अन् दोन दिवस कुठी होते?"

"यवतमाळच्या स्टँडवर. काकूले काय सांगू, ते ठरवून राह्यलो होतो."

"मंग, ठरलं?"

"नाही. तूच सांग. तुले सांगाची लय हौस हाय."

गेलो. सांगितलं. काकूनं पहिले माह्या पाठीत फुंकणी घातली, मंग चूल पेटवली, अन् मंग दारात जाऊन उभी राह्यली.