मधली जोडी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे चकतीमामा म्हणत. समुद्री गोगलगायींचे शुक्रजंतू राळेच्या वडीत पक्के बसवायचे आणि काचेच्या सुरीनं त्या वडीच्या चकत्या काढायच्या, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. चकती पाण्यावर तरंगली की रंग बघायचा. सोनेरी दिसली तर जाड, म्हणजे मेहनत पाण्यात. रुपेरी दिसली तर जमली. तिला हलवायला काडीला चिकटवलेला पापणीचा एकच केस. तो मामांच्या बायकोचा होता. "घ्या, एवढं तरी माझं तुमच्या उपयोगी पडू दे," म्हणत तिनं हसत हसत उपटून दिला होता. तिला जाऊन दोन वर्षं झाली, केस मात्र अजून रोज कामावर होता.

त्या दिवशी संशोधक बाईंनी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर एका शुक्रजंतूच्या शेपटीचा आडवा छेद दाखवला. "मोजा मामा. कडेनं नळ्यांच्या नऊ जोड्या, आणि मध्ये एक हवी. इथं मधली जोडीच नाही. शेपूट आहे नावाला, हा काही जागचा हलायचा नाही."

मामांनी मोजलं. नऊच. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांच्या वीर्याच्या तपासणीचा कागद पुढे करून डॉक्टर हेच म्हणाले होते: शेपट्या आहेत, पण हलत नाहीत. मामांनी कागद फाडला आणि घरी मूग गिळून बसले. मग आईनं सुनेला वांझ म्हणायला सुरुवात केली, ती सून मरेपर्यंत. डॉक्टरांकडे सोबत आलेल्या बायकोला सगळं माहीत होतं, पण तिनं एकदाही तोंड उघडलं नाही. तिच्या जिवावर मामा अब्रू राखून होते. याला भित्रेपणा म्हणतात, दुसरं नाव नाही.

आई आता नव्वदीला टेकली होती. कालच शेजारणीला सांगत होती, "सूनच वांझ निघाली, काय करणार!" निदान मेलेल्या माणसाच्या माथ्यावरचा डाग पुसावा, एवढंच मामांना हवं होतं. घरात शिरताच, चपलाही न काढता ते म्हणाले, "आई, दोष तिच्यात नव्हता. माझ्यात होता."

आई वाटाणे सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "ठाऊक आहे मला. कपडे धुताना तुझ्या खिशात तुकडे सापडले होते. जुळवून वाचले मी."

"मग तिला का बोलत राहिलीस?"

"पोटच्या पोराला कसं बोलायचं?" आई म्हणाली. "परक्याच्या पोरीला बोलता येतं."

दुसऱ्या दिवशी चकत्या रुपेरी उतरल्या. मामांनी काडी उचलली, पण तो केस पाण्याला लावायला त्यांचा हात धजेना.