स्टँडसमोरच्या बोर्डावर माझी वीज

"टाक ती छत्री! आरं टाक की लेका! जळून कोळसा व्हशील!"

नवरात्र मंडळाचा अध्यक्ष माझ्या क्रूझरच्या खिडकीतून मुंडकं बाहेर काढून असा ओरडत होता, की खाली कडेगावात लोकांनी घाबरून दारं लावून घेतली असतील. आणि पठाराच्या मधोमध, पवनचक्क्यांच्या रांगेत, आमच्या गावचा स्टुडिओवाला चंदेरी छत्रीची लोखंडी काठी दोन्ही हातांनी धरून उभा होता. लग्नात नवरीच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून लावतात ना, ती छत्री. वारा ती ओढत होता, हा सोडत नव्हता, आणि ढग असा गुरगुरत येत होता की त्यालाही मीच सांगून ठेवलंय, असं वाटावं.

मी स्टेअरिंगवर बसून शेंगा खात होतो.

मला त्याला मारायचं नव्हतं. म्हणजे, फारसं नव्हतं.

आधी त्यानं काय केलं ते ऐका. मी मूळचा गलाईवाला. विट्याकडची निम्मी माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगली, त्यात मी पार दक्षिणेत गेलो. भट्टीची आग बघून बघून डोळे असे तयार झाले की मी वर पाहिलं तर सूर्यच पापणी लववायचा. पुढं दुकान धाकट्या भावाच्या हवाली करून गावी आलो. परत आलेली माणसं ट्रॅक्टर घेतात, बंगला बांधतात. मी कॅमेरा घेतला आणि विजांच्या मागं लागलो. बायकोनं आधी डॉक्टरला विचारलं, मग देवऋष्याला. दोघांनीही हात टेकले.

यात कसब म्हणाल तर थोडंच आहे. तिन्हीसांजेला गाडीत काचा लावून बसायचं, काचेआडून कॅमेरा आभाळाकडं रोखायचा, शटर उघडं ठेवायचं आणि गप राहायचं. वीज दिसल्यावर बटण दाबलं तर ती कधीच निघून गेलेली असते, हाती लागतो नुसता अंधार. असले अंधाराचे फोटो माझ्याकडं इतके साठलेत की एका रांगेत लावले तर रहिमतपूरपर्यंत लोकांना भर दुपारी दिवे लावावे लागतील. पण एकदा सापडली. पवनचक्कीच्या मागं, तीन फाटे फुटलेली, जांभळी, आभाळ उसवत खाली आलेली. मी दोन रात्री झोपलो नाही. फोटो मोठा करून फ्रेम लावायला गावातल्या स्टुडिओत दिला.

फ्रेम काही आली नाही. आला तो बोर्ड.

एसटी स्टँडसमोर, बांबूंवर ताणलेला, दुमजली घराएवढा फ्लेक्सचा. स्टुडिओवाल्याचा वाढदिवस! काळा गॉगल लावून, एक हात वर करून तो उभा, आणि माझी वीज बरोबर त्याच्या बोटातून निघालेली. खाली लाल अक्षरात, 'विजेला कॅमेऱ्यात कैद करणारा ढाण्या वाघ'. त्याखाली शुभेच्छुकांची गोल गोल तोंडं, आणि त्यात माझा सख्खा चुलतभाऊ, दात काढून.

मी तसाच स्टुडिओत शिरलो.

"लेका, वीज माझी आणि बोर्ड तुझा?"

"आण्णा, वीज काय तुमच्या रानात पडली हुती व्हय? आभाळाची चीज ती. गावाचीच की."

"बरं, खाली माझं नाव तरी लाव."

"जागा न्हाई आण्णा. तुमच्या चुलतभावाचं तोंडच कसंबसं बसवलंय."

त्या दिवसापासून मला चहा कडू लागायला लागला. एसटीतून उतरणारा प्रत्येक माणूस मान वर करून माझी वीज बघायचा आणि कौतुक त्याचं करायचा. मी ठरवलं, हा फोटो माझा आहे हे ह्याच्याच तोंडून गावासमोर वदवून घ्यायचं, आणि त्याच बोर्डावर माझं नाव ह्याच्याच हातानं लावून घ्यायचं. त्याखेरीज मरायचं नाही. यम आला असता तरी त्याला ओट्यावर बसवून ठेवला असता.

नवरात्रात मंडळानं त्याचा सत्कार ठेवला. दुसरा कुणी असता तर माइक हिसकावून भांडला असता. मी गोड झालो. त्याचा फेटा मी स्वतः बांधला, असा आवळून बांधला की त्याच्या भुवया कपाळ सोडून वर गेल्या. मग माइक मागून घेतला.

"मंडळी, असा कलाकार पंचक्रोशीत न्हाई," मी म्हणालो. "पण ह्यो वीज पकडतो कशी, ते आपल्यापैकी कुणी बघितलंय का? न्हाई ना? माझी क्रूझर हाय, डिझेल माझं. आभाळ भरून आलं की समदी पठारावर जाऊ. ह्यो दाखवंल!"

शिट्ट्यांनी मांडव उडाला. फेट्याखाली त्याचं तोंड पिठासारखं झालं.

परतीच्या पावसाचं आभाळ भरायला वेळ लागला नाही. गाडी त्याच्या दारात लावली, तर हा लग्नाचं सगळं बिऱ्हाड घेऊन आला! फ्लॅश, लोखंडी स्टँड, छत्री. आभाळावर उजेड पाडणार होता गडी. मी एवढंच विचारलं, "काठी पुरंल का रं तेवढी?"

पठारावर पोचलो, दूरच्या डोंगरावर पहिली वीज चमकली आणि त्यानं सवयीनं "रेडी!" म्हणून बटण दाबलं.

"घावली का?" अध्यक्षानं विचारलं.

"गेली."

पुन्हा चमकली. "आता?"

"गेली."

"दादा," मागच्या सीटवरून एक कार्यकर्ता ओरडला, "तिला हनुवटी खाली करायला सांगा!"

गाडी हसण्यानं हलत होती तोवर ढग डोक्यावर आला. वाऱ्यानं छत्री उचलली, त्यानं ती धरली, आणि अध्यक्ष बोंबलायला लागला. मग जवळच अशी कडाडली की पवनचक्कीची पाती उलटी फिरली. त्यानं छत्री सोडली. ती उडाली ती थेट कर्नाटकात, तिकडं एखाद्या लग्नात लागली असेल. आणि हा पळत गाडीशी आला. मी दार आतून लावून घेतलं आणि काच बोटभर खाली केली.

"दार उघडा आण्णा!"

"फोटो कुणाचा?"

"आवं, मरंन मी!"

"फोटो कुणाचा रं?"

"तुमचा! आईच्यान तुमचा हाय!"

"मोठ्यानं. मागच्या सीटवर ऐकू गेलं पायजे."

"ह्यांचा हाय फोटो! मी चोरला! उघडा!"

"बोर्डावर नाव?"

"उद्या सकाळी लावतो!"

"केवढं?"

"तुमच्या चुलतभावाच्या तोंडाएवढं!"

उघडलं दार. भिजलेल्या कोंबड्यासारखा तो माझ्याशेजारी कुडकुडत बसला आणि गावापर्यंतचा रस्ता मला हायवेसारखा गुळगुळीत लागला. घरी चहा प्यालो. गोड होता.

सकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. बायकोनं ठेवणीतली साडी काढली. चुलतभावाला मुद्दाम उठवून सोबत घेतला, कारण त्यानंही बघायला हवं होतं. स्वतःच्या नावाचा फोटो काढायला कॅमेरा गळ्यात अडकवला, आणि आम्ही वरातीसारखे स्टँडवर गेलो.

समोर नुसते बांबू उभे होते. बोर्डच नव्हता. स्टुडिओला कुलूप.

तसाच त्याच्या घरी गेलो. त्याची आई दारात शेणी थापत होती.

"मावशी, स्टँडवरचा बोर्ड कुठाय?"

तिनं हातातलं शेण भिंतीला थापलं आणि मागं न वळता म्हणाली, "गोठ्यावर टाकलाय. म्हस भिजत हुती."